दोन चुटक्या

शाळेच्या बसमध्ये पोरं सांभाळणारी ती बाई. पोरांनी तिचं नाव 'चुटकीताई' पाडलं आणि ते असं चिकटलं की पुढं पुढं नवराही त्याच नावानं हाक मारायला लागला. खरं नाव उरलं कागदापुरतं.

तिच्या आधीची बाई बसमध्ये ओरडायची. पोरं तिच्याहून मोठ्यानं ओरडायची, आणि संध्याकाळपर्यंत बाईचा घसा फाटक्या चपलेसारखा व्हायचा. ही आली आणि हिनं आवाजाचं खातंच बंद केलं. अंगठा आणि मधलं बोट, बस्स. एक चुटकी वाजली की बूड सीटला टेकलं पाहिजे. दोन वाजल्या की ओठावर बोट. ज्याला काही बोलायचं असेल त्यानं हात वर करायचा आणि ताई 'बोल' म्हणेपर्यंत थांबायचं. तीन चुटक्या क्वचितच वाजत. त्या वाजल्या की दोन्ही हात मांड्यांखाली घालायचे आणि आपलं घर येईपर्यंत तसंच बसायचं. मार नाही, शिवी नाही. पण बसभर पोरं अशी बसायची, जशी काय अंड्यांची टोपली चाललीय.

ड्रायव्हरमामा म्हणायचा, "बाई, तुमची चुटकी वाजली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. एक दिवस भर रस्त्यात गाडी उभी करीन, आणि मागचा ट्रकवाला खाली उतरून माझा उद्धार करील."

ती हसायची नाही, पण मनात गुदगुल्या व्हायच्या. जगात दुसरं काही तिच्या बापानं, शाळेनं, नवऱ्यानं हाती दिलं नव्हतं. ही एक चुटकी तिनं स्वतः कमावली होती.

आता आवाजाचा एवढा राग का, तर त्याचं मूळ घरातच होतं. तिचे वडील, आबा, जनावरांच्या बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की बाजाराच्या ह्या टोकाला आबांनी बोली पुकारली की त्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. शाळा बाजाराला लागून. गुरुजींनी फळ्यावर गणित मांडावं आणि खिडकीतून आबांचा आवाज आत यावा: "दात बघा, कमर बघा, आणि बघून झालं असेल तर तोंड उघडा!" सगळा वर्ग खिदळायचा. मागच्या बाकावरची एक जण रोज विचारायची, "काय गं, आज तुझा बाप काय विकतोय? गाय का आई?" ही मान खाली घालून पाटीवर रेघा ओढत बसायची. बापाचा आवाज आला की कानाच्या पाळ्या तापायच्या. मोठ्या आवाजाची आणि लाजेची गाठ तेव्हाच बसली, ती पुढं सुटली नाही.

आई गेल्यावर दादानं आबांना आपल्याकडं, समुद्रापलीकडं नेलं. तिथं त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं. आवाज शाबूत राहिला, पण शब्द आंधळ्यासारखे चाचपडत येऊ लागले. एक दिवस दादाचा फोन आला.

"हे बघ, आबांचे शब्द चाललेत. डॉक्टर म्हणतात, आहेत ते किती दिवस राहतील सांगता येत नाही. तुझ्या पोरांनी आजोबांना एकदाही धड ऐकलेलं नाही. आहे तोवर ऐकून जाऊ देत. घेऊन ये."

नवऱ्याला रजा नव्हती. म्हणून दोन पोरं घेऊन ती एकटीच निघाली. मोठी पहिलीत होती आणि बारक्या अजून बोबडं बोलायचा. निघायच्या आधी आठवडाभर तिनं खुर्च्या मागंपुढं लावून घरातच विमान मांडलं आणि पोरांकडून चुटक्या घटवून घेतल्या. मनात एकच होतं: परक्या मुलखात कुणी 'कसली ही रानटी पोरं' असं म्हणता कामा नये. वहिनीनं तर नाहीच नाही. वहिनी घरात बसून, कानाला यंत्र लावून, कुठल्याशा कंपनीची गिऱ्हाईकं फोनवर शांत करायची. अशा घरात कालवा चालेल कसा?

विमानात पुढच्या रांगेतल्या एका पोरानं रडून छत डोक्यावर घेतलं होतं. हिची दोन्ही पोरं गप. शेजारची बाई राहून राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, ही पोरं आहेत का फोटो?"

चुटकीताईला मूठभर मांस चढलं. थोड्या वेळानं बघते तर बारक्याची विजार ओली, सीट ओली, आणि पोरगं ओठावर बोट ठेवून तसंच बसलेलं. डोळे तेवढे भरलेले. हात वर केला होता म्हणे, पण आईचा डोळा लागला होता. बोलायचं तर नव्हतं. विमानातल्या त्या कपाटाएवढ्या संडासात तिनं त्याची विजार बदलली. छातीत काहीतरी टोचलं. पण माणूस टोचणी उपटून टाकायलाही चटकन शिकतो. 'लहान आहे, होतं' म्हणून तिनं ती उपटून टाकली.

दादाचं घर वरच्या मजल्यावर. खिडकीशी आबांची खुर्ची. पोरं दारात दिसली आणि आबांनी डावा हात उंचावून आरोळी ठोकली, "आ... लं! आलं गं... आलं!" भिंतीवरचं घड्याळ हादरलं. पोरं आधी आईच्या मागं लपली आणि मग आईच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली. एवढा मोठा आवाज त्यांनी माणसाच्या तोंडून ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा कामावर, वहिनी आतल्या खोलीत दार लावून. आबांनी बारक्याला टेबलावर उभं करायला लावलं आणि त्याची हनुवटी डाव्या हातात धरली.

"दात... दात बघा! वासरू... अस्सल. कोण... कोण घेतो?"

बारक्या खिंकाळायला लागला. वासरू खिंकाळत नाही हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी ओरडली, "मी घेते, मी!" आबांनी बोली चढवली. आणि त्याच वेळी पायाखालून आवाज आला: ठक. ठक. खालचा माणूस दांड्यानं छत ठोकत होता.

वाजल्या दोन चुटक्या. मोठीचं बोट ओठावर, बारक्याचं बोट ओठावर. टेबलावरून खाली घेऊन तिनं दोघांना भिंतीशी बसवलं.

आबा जमिनीकडं बोट करून सांगू लागले, "तो... तो खालचा... तो..."

"कळलं आबा, कळलं. परत नाही आवाज होणार."

"तो... नाही गं, तो..."

"कळलं म्हटलं ना." आणि ती पोरांना घेऊन खाली हिंडायला निघून गेली. जिन्यात खालचा भेटला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला म्हातारा. त्याची बोली हिला येत नव्हती, हिची त्याला. हिनं हात जोडून माफी मागितली. तो मोठ्यानं हसला, आणि हातात दांडा असल्यासारखं करून हवेत दोनदा ठोकून दाखवलं. हिला वाटलं, दम देतोय.

त्या दिवसापासून चुटक्या वाढल्या. जेवताना, खेळताना, अंघोळ करताना. आबा खुर्चीतून सगळं टक लावून बघत. माणसानं आयुष्यभर जनावरं पारखलेली. कोण कुणाच्या इशाऱ्यावर चालतं हे त्यांना दिसायचंच. "बरी... शिकवलीस," म्हणाले आणि डाव्या हातानं स्वतः चुटकी वाजवून बघितली. वाजली नाही. मोठीनं आजोबांचं बोट धरून बरंच शिकवलं. चुटकी काही जमली नाही, पण एक चुटकी म्हणजे काय, दोन म्हणजे काय, हात कधी वर करायचा, हे सगळे नियम त्यांनी नातीकडून पाठ करून घेतले.

आठवड्याच्या शेवटी दादानं आपल्या साहेबाला जेवायला बोलावलं. साहेब आपल्याच बोलीतला, पण कडक कपड्यांतला. पायात पांढरेशुभ्र बूट, आणि ते त्यानं दारात काढले नाहीत. वहिनीनं सकाळपासून घर घासून काढलेलं. चुटकीताईनं पोरांचे भांग तीनदा पाडलेले.

जेवण अर्ध्यावर आलं आणि आबांना त्यांची जुनी गोष्ट आठवली. एका खोंडाची. कुणी घेईना असा तो खोंड लिलावात उभा असतो आणि एक बडा व्यापारी, पांढरे बूट घालून, त्याच्या मागच्या बाजूनं कमर तपासायला जातो. आबा ही गोष्ट पूर्वी वाऱ्याच्या वेगानं सांगायचे. आता एकेक शब्द विहिरीतून बादली ओढावी तसा वर यायचा. पण आवाज तोच. टेबलावरचे चमचे थरथरत होते.

"व्यापारी... आला मागं. बूट... पांढरे." आबांनी टेबलाखाली साहेबाच्या पायांकडं बोट केलं. "असेच! असेच बूट! आणि खोंडानं... शेपूट... केलं वर..."

तोंडातलं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. मोठी आणि बारक्या फुटायच्या बेतात आलेले. साहेब ताटात बघत होता. दादानं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच धरून ठेवला. चुटकीताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ती पुन्हा वर्गात बसली होती, पाटीवर रेघा ओढत, आणि खिडकीतून तोच आवाज आत येत होता.

वाजल्या दोन चुटक्या.

मोठीचं बोट ओठावर गेलं. बारक्याचं गेलं. आणि आबांचा डावा हात हळूहळू वर आला, थोडा चुकला, नाकाला लागला, मग त्यांनी बोट नीट ओठावर ठेवलं.

खोंडाची शेपटी तिथंच वर राहिली.

वहिनीनं भाताचं भांडं उगाच इकडचं तिकडं केलं. साहेबानं हवामानाचा विषय काढला. तिघं एका ओळीत ओठावर बोट ठेवून बसलेले, दोन पोरं आणि एक बाप, आणि 'बोला' म्हणायला चुटकीताईचं तोंड काही उघडलं नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. पण तिथं खाली जमीन नव्हती. खालच्याचं छत होतं.

साहेब गेल्यावर भांडी पुसताना ती वहिनीला म्हणाली, "बारक्या फिदीफिदी करत होता ना, म्हणून वाजवली."

वहिनी "हं" म्हणाली. त्या 'हं'मध्ये जे होतं ते चुटकीताईला बरोबर ऐकू आलं. कारण तिलाही ठाऊक होतं. चुटकी वाजली तेव्हा तिची नजर बारक्यावर नव्हती.

सकाळी सगळे चहाला बसले. आबा बशीकडं बघत होते. साखर हवी असावी. त्यांनी चुटकीताईकडं पाहिलं आणि डावा हात वर केला. तसाच धरून ठेवला.

रुसवा असता तर परवडला असता. रुसलेल्या माणसाची मनधरणी करता येते. पण आबांच्या तोंडावर रुसवा नव्हताच. होता तो नियम पाळणाऱ्या शहाण्या पोराचा चेहरा, बसमधल्या पहिल्या सीटवरच्या पोराचा. रोज बघायची ती तो चेहरा, आणि रोज शाबासकी द्यायची.

"आबा, असं काय करता? बोला की!"

"सा... खर," आबा म्हणाले. हळू आवाजात. आणि पुन्हा गप्प.

वहिनीनं कप जोरात खाली ठेवला. "वन्सं, एक विचारू? हे तुम्ही कुणासाठी चालवलंय?"

"तुमच्यासाठीच की. तुमचं फोनचं काम, त्यात खालचा दांडा आपटतो..."

"माझ्या कानाला यंत्र असतं हो, घरात तोफ उडाली तरी मला कळत नाही. आणि खालचा?" वहिनी हसली, पण हसू कडू होतं. "तो बोली लावतो."

"काय लावतो?"

"बोली! आबा वरून पुकारतात, तो खालून ठोकतो. एक ठोका म्हणजे एक बोली. म्हातारा एकटा राहतो, कसाई होता पूर्वी. शब्द एक कळत नाही त्याला, पण लिलाव कळतो. वर्ष झालं, रोज दुपारी चालतं. आमची खुर्ची, पंखा, सोफा, सगळं विकत घेतलंय त्यानं. मागच्या महिन्यात मला पण विकलं आबांनी. स्वस्तात."

चुटकीताईच्या डोळ्यांपुढं जिन्यातला म्हातारा उभा राहिला. हवेत दोनदा ठोकणारा. दम नव्हता तो. विचारत होता बिचारा, परत कधी?

संध्याकाळी दादा आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "साहेब विचारत होता, त्या खोंडाचं पुढं काय झालं? म्हणे, माझे आजोबा गुरं वळायचे, मला सगळं ऐकायचं होतं. मान खाली घालून हसू दाबत होता म्हणे बिचारा." मग बहिणीकडं बघून, "काही म्हण, आम्हाला इतक्या वर्षांत आबांना गप्प करायला जमलं नाही. तू आठवड्यात करून दाखवलंस."

तो चेष्टेनंच बोलला. पण चुटकीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आवाज ऐकवायला पोरं आणली एवढ्या लांब, आणि आवाजच बंद करून ठेवला. डॉक्टर म्हणाले होते, शब्द जातील. तिनं जायचीही वाट बघितली नाही.

उरलेले दिवस ती आबांच्या मागं मागं फिरली. "आबा, खोंडाचं सांगा ना." आबा तिच्या तोंडाकडं नाही, बोटांकडं बघत. तिनं हात पदराखाली लपवले, मागं बांधले, ओट्यावर पिठात घातले. आबांची नजर हातांच्या मागं मागं. आवाज कळतो, जनावराला आणि माणसालाही, पण एकदा चाबूक दिसला की नजर चाबकावरच राहते. हे तिला बाजारातल्या बापानंच कधीतरी सांगितलं होतं.

पायाही पडली. आबांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत.

निघायचा दिवस उजाडला. विमान संध्याकाळी होतं. दुपारी पिशव्या दाराशी लावून झाल्या. वहिनी आत फोनवर होती, आबा खुर्चीत. चुटकीताईनं काय मनात आणलं कोण जाणे, बारक्याला उचललं आणि टेबलावर उभं केलं. घसा साफ केला.

"ऐका हो ऐका... हे वासरू... विकायला काढलंय."

आवाज निघाला तो मांजर पोत्यात घातल्यासारखा. इतकी वर्षं वापरलाच नव्हता, गंजून गेलेला. मोठी आईकडं डोळे फाडून बघायला लागली.

"चांगलं वासरू आहे. कोण घेणार?"

खालून काही नाही. वरून काही नाही. तिनं पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं. कानाच्या पाळ्या तापल्या. तापू देत. तिसऱ्यांदा तिनं असा आवाज लावला की कानाला यंत्र असूनही आत वहिनीच्या खोलीचं दार उघडलं.

खालून आलं, अगदी हळू, भीत भीत: ठक.

खुर्चीत आबांचा डावा हात वर गेला.

सत्तरी ओलांडलेला बाप, ज्याच्या आरोळीनं बाजार थांबायचा, तो लेकीकडं बोलायची परवानगी मागत होता. आणि दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"बोला आबा."

"दात," आबा म्हणाले.

"काय?"

"दात... आधी! दात दाखवल्याशिवाय... बोली? कुणी... शिकवलं तुला? गाढवे!"

बारक्यानं आपणहून आ वासला. आबा खुर्चीत पुढं सरकले. छाती भरून घेतली आणि ती आरोळी निघाली. पहिल्या दिवशीच्या निम्मी असेल, पण निघाली. "दात बघा! कमर... बघा!" खाली दांडा ठकाठक सुरू झाला. म्हातारा किती दिवसांचा उपाशी होता. मोठीही बोलीत उतरली. आबा खुलत चालले, बोली चढत चालली, आणि चुटकीताईला एवढं हसू आलं की डोळे पुसायला तिनं हात वर घेतला.

आबा शब्दाच्या मध्येच थांबले. नजर तिच्या बोटांवर.

फक्त खालचा एकटाच ठोकत राहिला, आणि मग तोही थांबला.

तिनं हात खाली घेतला. काय करावं त्या हातांचं? कापून तर टाकता येत नव्हते. ती आबांसमोरच्या खुर्चीत बसली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांवर सगळं वजन टाकलं.

मोठीनं ते बघितलं. बसमध्ये ती सुद्धा रोज जायची, तिला सगळं कळत होतं. जवळ येऊन तिनं कानात विचारलं, "आई, तुला कुणी तीन चुटक्या वाजवल्या?"

आई हातांवर आणखी रेलून बसली.

आबांनी एकदा तिच्या मांड्यांकडं पाहिलं, एकदा तोंडाकडं. मग बारक्याची हनुवटी धरली आणि बोली जिथं सोडली होती तिथून उचलली. वासरू गेलं खालच्याला. मोठी गेली खालच्याला. मग पिशव्या निघाल्या विकायला, आणि पिशव्यांवरून आबांना पांढरे बूट आठवले, आणि बुटांवरून खोंड. टॅक्सीवाला खालून भोंगा वाजवत होता. वहिनी दारात उभी होती. खोंडाची शेपटी वर गेली होती आणि शब्द विहिरीतून एकेक वर येत होते.

चुटकीताईचे हात पार बधिर झाले होते. तिनं ते काढले नाहीत.